शिवकल्याण राजा (गीतसंग्रह)

शिवकल्याण राजा हा छत्रपती शिवाजी महाराजांना आदरांजली म्हणून सिद्ध झालेला गीतसंग्रह आहे. महाराजांच्या राज्याभिषेकास ३०० वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, म्हणजे १९७४ साली, 'हिज मास्टर्स व्हॉइस' (एचएमव्ही) या मुद्रेखाली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने तो ध्वनिमुद्रिकेच्या रूपात प्रकाशित केला. संग्रहातील प्रमुख स्वर लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांचा असून संगीत त्यांचे धाकटे बंधू हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे. गीतांना जोडणारे निवेदन शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे (१९२२–२०२१) यांनी केले आहे. समर्थ रामदास, कवी भूषण, वि. दा. सावरकर, कुसुमाग्रज आदी कवींच्या रचनांचा त्यात समावेश होतो.

ज्या राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ हा संग्रह निघाला, तो ६ जून १६७४ रोजी (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६) आजच्या महाड तालुक्यातील रायगड किल्ल्यावर झाला. संग्रहाचा विषय आणि महाड-पोलादपूरचा परिसर यांचे नाते त्यामुळे केवळ योगायोगाचे नाही. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नाव

संग्रहाचे नाव समर्थ रामदासांच्या एका प्रसिद्ध काव्यमय पत्रातून घेतले आहे. शिवाजी महाराजांना उद्देशून लिहिलेले हे ओवीबद्ध पत्र 'निश्चयाचा महामेरू' या आरंभाने ओळखले जाते आणि ते संग्रहात गीतरूपाने आलेही आहे. 'शिवकल्याण' या जोडशब्दात राजाचे नाव आणि प्रजेचे मंगल दोन्ही सामावतात. पुढे हा शब्द महाराजांच्या बिरुदासारखा वापरला जाऊ लागला. सभा-संमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर आज तो दिसतो तो पुष्कळदा मूळ पत्रापेक्षा या ध्वनिमुद्रिकेच्या ओळखीने.

पार्श्वभूमी

मंगेशकर भावंडांनी शिवकालाशी नाते जोडण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या टोपणनावाने ज्या मोजक्या मराठी चित्रपटांना संगीत दिले, त्यांत 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) आणि भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) हे दोन शिवकालीन कथानकांवरचे होते. हृदयनाथ मंगेशकर यांनी संतकाव्य आणि आधुनिक कविता या दोन्हींना चाली देण्याचे काम त्याआधीच हाती घेतले होते. चालीसाठी शब्द लिहवून घेण्याऐवजी आधीच सिद्ध असलेल्या कवितेपुढे चालीने वाकावे, ही त्यांची रीत होती. 'शिवकल्याण राजा'मध्ये ती विशेषच दिसते, कारण येथील कविता एकमेकींपासून छंदाने, काळाने आणि भाषेनेही दूर आहेत.

१९७४ हे वर्ष महाराष्ट्रभर शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे म्हणून साजरे झाले. व्याख्याने, प्रदर्शने, ग्रंथ यांची रेलचेल झाली. भारतीय टपाल खात्याने विशेष तिकीट काढले. पुरंदरे यांचे शिवचरित्र आणि त्यांची व्याख्याने तोवर घरोघरी पोहोचली होती, त्यामुळे निवेदक म्हणून त्यांची निवड श्रोत्यांना स्वाभाविकच वाटली असणार.

गीतांची निवड

संग्रहातील काव्य दोन कालखंडांतले आहे. पहिला खुद्द शिवकालाचा. त्यातील रामदासांचे पत्र ओवीत आहे, म्हणजे यमकाने बांधलेले तीन चरण आणि त्यामागून येणारा आखूड, मोकळा चौथा चरण. 'आनंदवनभुवनी' हे त्यांचेच दुसरे काव्य अनुष्टुभ छंदातले आहे. मूळ रचना दीर्घ असल्याने संग्रहात तिचे निवडक श्लोकच गायिले आहेत. कवी भूषण हे उत्तर हिंदुस्थानातून आलेले व्रज भाषेचे कवी. त्यांचा 'शिवराजभूषण' हा अलंकारग्रंथ १६७३ मध्ये, राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी पूर्ण झाला. 'इंद्र जिमि जंभ पर' हे त्यांचे मनहरण कवित्त आहे. या छंदाच्या प्रत्येक चरणात सोळा व पंधरा अशी एकतीस अक्षरे असतात आणि ती भराभर उच्चारली असता नौबतीसारखा ठेका आपोआप उमटतो. अर्थ पूर्णपणे न कळताही हे कवित्त महाराष्ट्रातील मुलांना तोंडपाठ असते, ते या ठेक्यामुळे.

दुसरा कालखंड विसाव्या शतकाचा. सावरकरांचे 'हे हिंदुनृसिंहा' हे संस्कृतप्रचुर, दीर्घ समासांनी भरलेले स्तवन आहे. कुसुमाग्रजांच्या दोन कविता मात्र स्तवनाच्या वाटेने न जाता प्रसंग उभा करतात, आणि संग्रहातील सर्वांत जास्त ऐकली गेलेली गीते म्हणून त्यांचाच उल्लेख करावा लागेल.

त्यांपैकी 'सरणार कधी रण' ही जुलै १६६० मधील घोडखिंडीच्या झुंजीवर आहे. महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची इशारत देणाऱ्या तोफांची वाट पाहत जखमी बाजीप्रभू देशपांडे खिंड अडवून उभे आहेत, तो हा क्षण. 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता सरनौबत प्रतापराव गुजर यांच्या मृत्यूवर आहे. हाती आलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी उमराणीच्या लढाईनंतर जाऊ दिले, म्हणून महाराजांनी त्यांना कठोर शब्दांत बोल लावला. तो जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ (आजचा गडहिंग्लज तालुका, कोल्हापूर जिल्हा) ते मूठभर स्वारांनिशी शत्रूच्या फौजेवर चालून गेले व ठार झाले. राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम सव्वातीन महिने उरले होते. त्रिशताब्दीच्या उत्सवी संग्रहात सोहळ्याच्या उंबरठ्यावरची ही शोकांतिका आली, हे निवड करणाऱ्यांच्या जाणतेपणाचे लक्षण मानावे लागते. प्रतापरावांखेरीज इतर सहा वीरांची जी नावे सांगितली जातात ती उत्तरकालीन परंपरेतून आलेली आहेत. 'सात' हा आकडा जनमानसात इतका घट्ट बसला, त्यात कवितेचा आणि तिच्या गीतरूपाचा वाटा मोठा आहे.

या निवडीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शिवचरित्र गाण्याची मराठीतली जुनी रीत पोवाड्याची. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि तानाजी मालुसऱ्यांवरील तुळशीदासाचा, हे तिचे आद्य नमुने समजले जातात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्यांना शेतकरी-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. 'शिवकल्याण राजा'त फुल्यांच्या या पोवाड्याला स्थान नाही. रामदास-शिवाजी संबंधांचे स्वरूप, त्यांची भेट केव्हा झाली, गुरुशिष्याचे नाते होते की नव्हते, हा इतिहासकारांत वादाचा विषय आहे. पुरंदरे यांच्या शिवचरित्रलेखनावरही आक्षेप घेतले गेले व ते २०१५ मध्ये त्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तीव्रतेने पुढे आले. संग्रह ऐकताना महाराजांची जी प्रतिमा मनात ठसते, ती निवडलेल्या कवींनी घडवलेली प्रतिमा आहे, एवढे भान अभ्यासकाने ठेवावे.

गायनाचे स्वरूप

पोवाडा हा उघड्या मैदानात, डफ-तुणतुण्याच्या साथीने, दूरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी गायिला जाई. ध्वनिवर्धक आल्यावर जगभर गायनाची एक निराळी रीत रुजली. मायक्रोफोनच्या अगदी जवळ राहून, आवाज न चढवता, कानाशी बोलल्यासारखे गाणे. अमेरिकेत बिंग क्रॉसबीसारख्या गायकांना तेथील लोक 'क्रूनर' म्हणू लागले ते यामुळेच. मराठीत जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्यापासून पुढे वाढलेले भावगीत याच तंत्राचे अपत्य आहे.

'शिवकल्याण राजा'चे वेगळेपण असे की, वीररसाचा विषय त्यात भावगीताच्या वळणाने हाताळला आहे. युद्धाचे वर्णनही गायिकेच्या आवाजात हाकाटी होत नाही. बाजीप्रभूंच्या गीतात तर तो आवाज रणातील आक्रोशापेक्षा वेदनेच्या अधिक जवळ राहतो. भारदस्तपणाची उणीव समूहस्वर आणि वाद्यमेळ भरून काढतात, तर गीतांमधले निवेदन ऐकणाऱ्याला प्रसंगापासून प्रसंगापर्यंत घेऊन जाते. पोवाड्यात हे काम शाहीर स्वतःच करतो. गाता गाता थांबून तो कथा सांगतो आणि पुन्हा चालीवर येतो. त्या अर्थाने संग्रहाची बांधणी पोवाड्याचीच आहे. मात्र शाहिराचे काम येथे दोन व्यक्तींत वाटले गेले आहे.

लोकप्रियतेची क्रमवारी

इंग्रजी ज्ञानकोशांत ध्वनिमुद्रिकांवरील लेखांत ती कोणत्या यादीत कितव्या क्रमांकावर किती आठवडे राहिली, याचा तक्ता हमखास असतो. 'शिवकल्याण राजा'बाबत असा तक्ता देता येत नाही, याचे कारण असे की मराठी ध्वनिमुद्रिकांच्या खपाची क्रमवारी लावणारी यादीच तेव्हा भारतात नव्हती.

अमेरिकेत 'बिलबोर्ड' नियतकालिक १९४५ पासून ध्वनिमुद्रिका-संचांच्या खपाची यादी छापत होते. इंग्लंडमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी एकेरी गीतांची पहिली यादी प्रसिद्ध केली. विशेष म्हणजे त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गीतमालेतील 'पायदान' ही भारतीय श्रोत्यांची खरी क्रमवारी. परंतु ती हिंदी चित्रपटगीतांपुरती होती. चित्रपटबाह्य मराठी गीताला तिच्यात प्रवेशच नव्हता. मराठी श्रोत्याचा कौल कळे तो आकाशवाणीच्या 'आपली आवड'सारख्या फर्माइशी कार्यक्रमांतून. तेथे पत्रे पाठवणाऱ्यांची नावे व गावे वाचली जात, क्रमांक मात्र लावले जात नसत. एखादे गीत पुन्हा पुन्हा लागे, यावरूनच काय ते समजायचे.

याउलट ज्या देशांत अशा याद्या आहेत, तेथे आदरांजलीपर संग्रहांची वाटचाल आकड्यांत सांगता येते. नॅट किंग कोल या गायकाची कन्या नॅटली कोल हिने वडिलांची गीते गाऊन काढलेला 'अनफर्गेटेबल... विथ लव्ह' हा संग्रह १९९१ मध्ये 'बिलबोर्ड'च्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच दशकाच्या पूर्वार्धात लता मंगेशकर यांनी 'श्रद्धांजली' या नावाने कुंदनलाल सैगल, मोहम्मद रफी, किशोर कुमार, मुकेश, हेमंतकुमार, गीता दत्त आदी दिवंगत गायकांची गीते स्वतःच्या आवाजात गायिली. स्वरूपाने हा संग्रह नॅटली कोलच्या संग्रहाचा सख्खा भाऊच. त्याच्या कॅसेटी घरोघर वाजल्या, क्रमांक मात्र त्यालाही नाही.

मंगेशकर घराण्याचे नाव परदेशी यादीत सर्वोच्च स्थानी पोहोचले ते वेगळ्याच वाटेने. आशा भोसले यांना उद्देशून 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश वाद्यवृंदाने रचलेले 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत १९९७ मध्ये साठाव्या क्रमांकापर्यंतच गेले होते. नॉर्मन कुक यांनी त्याचे नवे संस्करण केल्यावर फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिले आले. स्वतः आशा भोसले यांनी 'क्रोनोस क्वार्टेट' या अमेरिकी चौकडीसमवेत राहुल देव बर्मन यांना आदरांजली म्हणून गायिलेल्या संग्रहाला (२००५) ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

भारतात ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने २०२१ मध्ये अधिकृत यादी सुरू केली, तीही प्रथम परदेशी गीतांपुरती. 'बिलबोर्ड'ची भारतासाठीची गीतयादी २०२२ मधली. या याद्या एकेरी गीतांच्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी संग्रहाला त्यांतून मागे जाऊन क्रमांक देणे शक्य नाही. 'सर्वाधिक खपाचा मराठी संग्रह' अशी जी विशेषणे या व अशा ध्वनिमुद्रिकांना लावली जातात, ती आदराची समजावीत, मापनाची नव्हे.

प्रसार

क्रमवारी नसली तरी प्रसाराचा माग काढता येतो. मूळ दीर्घ ध्वनिमुद्रिका (मिनिटाला ३३⅓ फेरे) वाजवण्यासाठी रेकॉर्ड प्लेअर आणि वीज दोन्ही लागत. १९७४ मध्ये कोकणच्या अंतर्भागातील वाड्या-वस्त्यांवर हे दोन्ही दुर्मीळ होते. खेड्यातील श्रोत्याला संग्रहाची ओळख झाली ती रेडिओवरून, किंवा लाउडस्पीकरवाल्याकडे ती तबकडी असली तर मांडवातून. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर शेताच्या बांधावरही नेता येई, एका कॅसेटीवरून दुसरी भरून घेता येई. अशा भरून घेतलेल्या कॅसेटींची गणना कंपनीच्या खपात होत नसे. तेव्हा खपाचे आकडे असते, तरी त्यांनी खऱ्या श्रोत्यांची मोजदाद केली नसतीच.

दुसरी वाट शाळांची. स्नेहसंमेलने, शिवजयंतीचे कार्यक्रम, समूहगीतांच्या स्पर्धा यांतून या गीतांच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळ्यात उतरल्या. कुसुमाग्रजांची कविता पाठ म्हणून दाखवायला सांगितले, तर अनेक विद्यार्थी ती हृदयनाथांच्या चालीवरच म्हणतात. चालीशिवाय ती आठवणे त्यांना जड जाते. 'इंद्र जिमि जंभ पर' हे कवित्त पुढे २००८ मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीतात अजय-अतुल यांनी नव्या थाटात योजले, आणि नव्या पिढीत त्याचे दोन अवतार शेजारी शेजारी नांदू लागले.

कंपनीचे 'सारेगामा' असे नामांतर झाल्यानंतर संग्रह सीडीवर व पुढे महाजालावरील गीतसेवांवर उपलब्ध झाला. एक बदल यात झाला. गीते सुटी ऐकली जाऊ लागली आणि पुरंदरे यांचे निवेदन पुष्कळ श्रोत्यांच्या ऐकण्यातून गळाले. संग्रहाची कथारूप बांधणी त्यावरच उभी असल्याने हे नुकसान लहान नाही.

महाड-पोलादपूर परिसर

संग्रह प्रकाशित झाला तेव्हा महाड आणि पोलादपूर हे कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याला 'रायगड' हे नाव १९८१ मध्ये मिळाले. संग्रहाच्या विषयाशी संबंधित स्थळे या परिसरात दाटीने आढळतात. राज्याभिषेकाची जागा आणि महाराजांची समाधी रायगडावर आहेत. गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे तेथे निधन झाले. महाड तालुक्यातीलच शिवथरघळ हे रामदासांनी 'दासबोध' सांगितल्याचे स्थळ मानले जाते. विस्मृतीत गेलेली ही घळ शंकरराव देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली. पोलादपूर येथे 'शिवभारत' या संस्कृत चरित्रकाव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे, तर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. रामदास संग्रहात आहेत. परमानंदांचे काव्य संस्कृतात असल्याने असेल, पण मराठी गीतपरंपरेत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

रायगडावर राज्याभिषेक दिन दोनदा साजरा होतो, तारखेने ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. २०२३-२४ मध्ये ३५०व्या वर्षाच्या निमित्ताने गडावर मोठी गर्दी लोटली. महाड बाजारपेठेपासून पाचाडपर्यंतच्या रस्त्यावर या दिवसांत जी गीते वाजतात, त्यांत ढोल-ताशांच्या नव्या ध्वनिफितींबरोबर या संग्रहातील गीतेही असतात.

याच महाड गावात आदरांजलीपर गीतांचा आणखी एक मोठा प्रवाह दरवर्षी ऐकू येतो. १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. या दिवशी जमणाऱ्या अनुयायांसाठी भीमगीतांच्या पुस्तिका, पुढे कॅसेटी व सीडी यांची विक्री होत आली आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज या मार्गानेच दूरवर गेले. भीमगीतांमागे मोठी कंपनी क्वचितच होती. छोट्या प्रकाशकांनी आणि स्वतः शाहिरांनी ती पोहोचवली. खपाची नोंद तेथे आणखीच विरळ. एका तालुक्यात मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरी अशा या दोन गीतपरंपरा नांदतात, आणि दोन्हींचा श्रोतृवर्ग महाडच्या एसटी स्थानकावर उतरूनच पुढे जातो.